‘पुन्हा या’ न म्हणणारं गाव

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक डोंगर आणा. त्याच्या कुशीत लाकडी घरांचं एक लहानसं गाव. झाडांची पानं पिकून लालबुंद झालेली. पाऊस असा, की पडतोय म्हणावं तर थांबलेला आणि थांबला म्हणावं तर खांदे भिजलेले. रस्त्याकडेच्या गटारातून पाण्याबरोबर वाफही वाहतेय, कारण या गावात जमिनीतूनच कढत पाणी येतं. आली का वाफ नाकाशी? थोडा उकडलेल्या अंड्यासारखा वास येतोय ना? मग तुम्ही बरोबर गावात पोचलात.

इथल्या झऱ्यावर कानाएच्या घराण्याची धर्मशाळेसारखी एक जुनी उतरण्याची जागा आहे. ज्यांचं काही दुखतंखुपतं ते लोक इथे येऊन राहतात, आपलं आपण रांधून खातात आणि दिवसातून दोन-तीनदा झऱ्याच्या कुंडात बसतात. आईवडिलांच्या मागे कानाएच सगळं बघते. सोबतीला भावाची मुलगी अझुसा. तिचे आईबाबा बोटीवर नोकरीला असतात, म्हणून ती आत्याकडे राहून इथल्याच शाळेत दुसरीत जाते.

तर त्या दिवशी दुपारी कानाए मुळ्यांची टोपली घेऊन कुंडाच्या खोलीवरून चालली होती. आतून नळाचा आवाज आला. तो गार पाण्याचा नळ फक्त फरशी धुवायला ठेवलेला. तिने दार सरकवलं. आत एक तरुण, सुती झग्याचा घोळ गुडघ्यापर्यंत खोचून, बगळ्यासारखा एका पायावर उभा. दुसरा पाय उकडलेल्या कोळंबीसारखा लाल. आणि हातात गार पाण्याची बादली, कुंडात ओतायच्या बेतात.

“थांबा. काय करताय?”

“पाणी निववतोय. यात माणूस बसवायचा की शिजवायचा?”

“हे औषध आहे. तुमच्याकडे औषधात पाणी घालून पितात का?”

“आमच्याकडच्या औषधाने पाय सोलत नाहीत.”

कानाएला हसू आलं, पण तिने ओठ आत दाबले. भिंतीला टेकवलेल्या दोन लांब फळ्या उचलल्या आणि एक त्याच्या हातात दिली. मुलांनो, त्या गावची रीत अशी, की पाणी गार करायचं ते घुसळून. गार पाणी मिसळायचं नाही, नाहीतर झऱ्याचा गुण पातळ होतो. समोरासमोर दोघांनी उभं राहायचं, फळ्या पाण्यात बुडवून एकाच तालात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उलटायच्या. ताल जमला की पाणी मऊ होतं. चुकला की...

चुकलाच. फळीने पाणी उडालं आणि कानाएच्या तोंडावर आलं.

“उजव्या हाताला जोर देऊ नका, दुखतोय ना तो? नुसता टेकवा. आणि माझ्याकडे बघा,” ती म्हणाली, आणि घाईने पुढे म्हणाली, “म्हणजे — माझ्या फळीकडे.”

“फळीकडेच बघतोय,” तो म्हणाला, आणि त्याचा ताल पुन्हा चुकला.

त्याचं नाव शुहेइ. ओसाका शहरात त्याच्या काकांचं उदोनचं दुकान होतं. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, गरम सारात बुडवून खायच्या. पहाटेपासून कणीक मळून मळून शुहेइचं मनगट धरलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि काकांनी या डोंगराचा पत्ता दिला.

पण मळणाऱ्याचा हात गप्प कुठला बसायला? सामाईक स्वयंपाकघरात त्याने कणीक भिजवली, ती जाड कापडात गुंडाळली आणि अझुसाला तिच्यावर उभं केलं. उदोनची कणीक हातांनी मळून झाली, की वरून पायांनीही तुडवतात. अझुसा स्वच्छ मोजे घालून तासभर नाचली. शाळेत कोणी इतक्या आनंदाने नाचू देत नाही, असं तिचं म्हणणं.

सारावरून मात्र रोज जुंपायची. कानाएचं सार डोंगराकडचं, काळसर आणि खारट. शुहेइ त्यात डोकावून विचारी, शेवया दिसत नाहीत, बुडून गेल्या की काय. आणि त्याचं फिकट सार पाहून ती म्हणे, वाडग्याचं बूडसुद्धा दिसतंय, गिऱ्हाइकाला वाटत असेल नुसतं विसळून दिलं. गुडघ्यांसाठी दर शरदात येणाऱ्या ओतोमी आजी दोन्ही वाडगी संपवत आणि सांगत, की गुडघ्यांचं माहीत नाही, पण या दोघांच्या भांडणाने आपली भूक सुधारली आहे.

रोज सकाळी शुहेइ ओसरीवर आला, की पायरीवरची त्याची पादत्राणं कोणीतरी बाहेरच्या तोंडाने वळवून ठेवलेली असत. पाहुण्याची तशी ठेवायचीच असतात, त्यात विशेष काही नाही. पण एका सकाळी कानाएलाही आपली तशीच वळवलेली दिसली. ती बराच वेळ पायरीवर उभी राहिली. पायात घालायचंच सुचेना.

मग एकदा कुंडाजवळ शुहेइने ओला पंचा उचलला आणि बोलता बोलता पिळून टाकला. उजव्या हाताने, करकचून. पाणी टपटप गळलं. दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता.

“बरा झाला,” तो म्हणाला.

“हो... बरा झाला,” ती म्हणाली.

काकांचा फोन आला. दुकानात माणूस कमी होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने निघायचं ठरलं. ओसरीवर बसून शुहेइने विचारलं, पुढच्या वर्षीही पानं अशीच लाल होतात का. ती म्हणाली, होतात. बघायला लोक येत असतील? येतात. एवढ्यावर तो थांबला, आणि ती मुळे चिरत राहिली.

तिच्या मनात काय होतं ते तुम्हाला सांगून ठेवतो. त्या गावात निघालेल्या पाहुण्याला कधीच ‘पुन्हा या’ म्हणत नाहीत. इथे माणूस येतो तो काही दुखलं म्हणून. त्याला परत बोलावणं म्हणजे दुखणं परत बोलावणं. आपणही दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना ‘येतो’ म्हणायला कचरतो ना, तसंच. हे इथल्या पोराटोरांना ठाऊक. पण ओसाकाच्या दुकानदाराला कोण सांगणार? तिकडे तर काही न घेता गेलेल्यालाही ‘पुन्हा या’ अशी हाक मारतात.

निघताना फाटकाशी कानाए कमरेत वाकली. “हाताला जपा. पुन्हा कधी दुखू नये.”

शुहेइ वाट पाहत राहिला. “एवढंच?”

“एवढंच.”

तो हसला. वाट चुकल्यावर माणूस ओशाळून हसतो, तसा. मग पिशवी खांद्यावर टाकून उतारावरून बस-थांब्याकडे निघाला.

अझुसाने विचारलं, “आत्या, तो परत यायला नकोय तुला?”

“हवाय गं. म्हणून तर बोलले नाही.”

“मग त्याला कळणार कसं?”

“न कळू दे. माझ्या शब्दाने त्याचा हात पुन्हा गेला, तर तो खाईल काय?”

अझुसाने कठीण गणित पडल्यासारख्या भुवया जवळ आणल्या. “पण ‘पुन्हा या’ म्हणायची बंदी आहे. ‘जाऊ नका’ म्हणायची कुठे आहे?”

कानाए तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या पिढ्यांत त्या फाटकाशी हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण कोणाला असं म्हणावंसं वाटलंच नव्हतं. तिने छत्री घेतली नाही. पायात स्वयंपाकघरातल्या सपाता होत्या, त्यांनिशीच ती उतारावरून पळत सुटली.

बस आली होती. शुहेइने पिशवी पायरीवर ठेवून एक पाय वर टाकला होता.

“मी ‘पुन्हा या’ म्हणणार नाही,” ती धापा टाकत म्हणाली.

“ते कळलं मला.”

“नाही कळलं. इथे ते म्हणत नाहीत — म्हटलं की दुखणं परत येतं. मला तुमचा हात कायमचा बरा हवाय. म्हणून दुसरं सांगते...” तिच्या केसांवरून पाणी ओघळत होतं. “जाऊ नका.”

शुहेइ हळूच म्हणाला, “मी कालपासून एका शब्दासाठी थांबलोय. पण काकांना काय सांगू?”

“सांगा, हात सुटला. माणूस अडकला.”

“कुठे?”

“ते... तुम्ही सांगा.”

“इथेच,” तो म्हणाला, तिच्याकडे बघत. या वेळी मध्ये फळी नव्हती. पण पाय मात्र अजून बसच्या पायरीवरच. ड्रायव्हर म्हणाला, पाऊस आत येतोय, काय ते एकदा ठरवा. दोघांपैकी कोणी जागचं हललं नाही.

तेवढ्यात मागून अझुसा पोचली. तिने आत्याकडे पाहिलं, शुहेइकडे पाहिलं. मोठ्या माणसांना फार वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याची पिशवी पायरीवरून खाली ओढली, दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली, ड्रायव्हरला वाकून नमस्कार केला, ‘आता जा तुम्ही’ म्हणाली, आणि मागे वळूनही न पाहता चढ चढायला लागली.