चाकाकडे बघू नको

मोटारसायकल बांधावरून थेट मिठागराच्या तळावर उतरली आणि काशीच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

"ए! डोलं फुटलं काय रं तुजं?"

ती धावत सुटली. स्वार मात्र खुशीत होता. अशी सपाट, चकचकीत जमीन तळवलीत दुसरी कुठे मिळणार? त्याने एक फेरी मारली, दुसरी मारली... आणि ऐन वळणावर ओरडत येणारी काशी दिसताच घाबरून पुढचा ब्रेक दाबला. गाडी आडवी. तोही आडवा.

लागलं का, असं काशीने विचारलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "आन बघ, काय केलंस ते."

तो उठला. कोपर सोललं होतं, अर्धा गाल चिखलाने माखला होता. ओल्या तळावर चाकांचे खोल चर पडले होते.

"मला वाटलं, मैदान आहे..."

"मैदान? बावीस दिस आमी बापलेक हितं पाय झिजवतोय! टाचेला टाच लावून तुडवलंय. आता ह्या चरांत पानी मुरंल, मिठात माती येईल. ती काय तू खानार?"

"आमच्या नावड्याला भातशेती असते हो," तो गाल पुसत म्हणाला. "मिठागर मी जवळून कधी पाहिलं नव्हतं."

त्याचं नाव कमळाकर. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या नव्या कारखान्यात त्याला टपाल पोचवायचं काम मिळालं होतं. गाडी कारखान्याची होती, लायसन्स मात्र त्याचं त्याने काढायचं होतं. परीक्षेत तो दोनदा पडला होता. येत्या शनिवारी तिसऱ्यांदा पडला, तर नोकरी दुसऱ्याला आणि कमळाकर परत नावड्याला. हे सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

"मंग पड," काशी म्हणाली. "पन आदी ह्ये तुडवून दे."

तिचा बाप देवजी बांधावर विडी ओढत सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "रोज सकाळी येत जा, पोरा. तुडवून झालं की तिकडं मिठाच्या राशींच्या जागेवर गाडी शिक. मीठ निघंपर्यंत ती रिकामीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाकर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हजर झाला. थंडगार चिखल, खाडीवरचा बोचरा वारा, आणि शेजारी फणफणणारी काशी.

"पाऊल केवढं टाकतोस? लग्नाच्या वरातीत चाललास काय?"

"अजून ठरलं नाही कुठे," तो हळूच म्हणाला.

काशीने मान फिरवली.

"रागावलीस की तुझं नाक लाल होतं."

"उन्हानं होतंय."

"ऊन... अजून आलंय कुठे?"

तिने पाय असा आपटला की चिखलाचा शिंतोडा त्याच्या शर्टावर उडाला. त्याने तो पुसला नाही.

तुडवणं झालं की तो गाडीवर बसायचा. आणि पडायचा. काशीला ते बघवत नसे.

"चाकाकडं काय बघतोस? चाकात नाटक लागलंय काय?"

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाय, पन पडन्यातलं कळतं!" ती उसळली. "मिठाची टोपली डोक्यावर घेऊन वीतभर बांधावरून चालते मी. पायाकडं बघितलं की पाय घसरतो. जायचं तिकडं बघायचं. पाय आपसूक येतात."

त्याने मान वर केली, दूरच्या बाभळीकडे पाहिलं... आणि गाडी सरळ गेली.

मग काशी थांबेना. निघताना हिसका बसतो? टोपली उचलताना हिसका दिला तर सांडते, तशी ही गाडी. त्याने क्लच हळूहळू सोडला, गाडी अलगद निघाली. वळणावर पडतोस? कारण वळतानाच ब्रेक दाबतोस. "आदी वेग कमी कर, मंग वळ. गाडीचा बैल पन एवढं जानतो!"

शुक्रवारी तो एकदाही पडला नाही. तळही तुडवून पुरा झाला होता.

"उद्या परीक्षा," तो म्हणाला.

"पास झालास तर?"

"दिवसभर रस्त्यावर. ठाणं, बेलापूर, पुन्हा ठाणं."

"आन नापास?"

"नावडे."

म्हणजे पास झाला तरी इथे नाही, नापास झाला तरी नाही. काशीच्या डोक्यात सणक गेली.

"मंग जा ना एकदाचा! हितं काय ठेवलंय तुजं?"

"तेच तर सांगायचं..." तो बोलता बोलता थांबला. काशी मात्र थांबली नाही. पाठ फिरवून ती घरी निघून गेली.

शनिवारी ती दुपारपर्यंत एकटीच तळावर पाय आपटत होती.

"अगं, झालाय तो तळ," देवजी म्हणाला. "भोक पाडशील. कुनाला तुडवतेस एवढी?"

तेवढ्यात राशींच्या जागेवर मोटारसायकल येऊन थांबली. कमळाकर बांधावरून चालत आला. देवजीने विडी विझवली आणि तो उगाचच दुसऱ्या टोकाला बांध बघायला गेला.

"पास?" काशीने विचारलं.

"पास."

तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "मंग आता कशाला आलास? काम सपलं न् तुजं?"

"एक अडचण झालीय." त्याने हातातली टोपी दोनदा फिरवली. "कारखान्यातले साहेब म्हणाले, दोनदा पडलेला माणूस एवढं कुणाकडून शिकला? मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, आधी विचारून येतो... तू माझी कोण म्हणून सांगू?"

"कोन म्हंजे?"

"मास्तरीण म्हणू? की..."

"की?"

"की बायको म्हणू?"

खाडीवरून वारा आला. काशीचं नाक लाल झालं होतं.

"येवढं बोलायला आठ दिस घेतलंस?" ती ओरडली. "रोज चिखलात शेजारी उभा राहून? माज्या बाला विचार. त्यो हो म्हनंल. मी कालच सांगून ठेवलंय त्याला."

कमळाकरला हसावं की रडावं कळेना. ती तरातरा गाडीकडे निघाली, तो मागोमाग धावला. त्याने रुमाल काढला आणि तो मागची सीट पुसू लागला.

"ती तुजी जागा," काशी म्हणाली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून ती पुढे बसली आणि तिने हँडलच्या दोन्ही मुठी धरल्या. "आता सांग, आदी काय दाबायचं? नीट सांग. आन माज्यावर वरडायचं नाय!"