एकसारखे दोन फोन

शनिवार पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेच्या दारात एक लाकडी फळी आहे. तिच्यावर पाटी — ‘फोन येथे ठेवावेत. आपल्यावाचून त्यांचे काही अडत नाही.’ मालक पुण्याचे. त्यामुळे पाटीबद्दल कुणी तक्रार करत नाही, निमूट फोन ठेवतं आणि आत जाऊन पुस्तक उघडतं.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे आम्ही चाळीसेक जण होतो आणि त्यातल्या निम्म्यांचे फोन माझ्यासारखेच होते. साधे, बटणांचे, काळे. माझा मोठा फोन मी दिवाळीत वाशिमला बाबांच्या हाती दिला होता. “परीक्षा होईपर्यंत मी रडून मागितला तरी देऊ नका.” बाबा एसटीतले निवृत्त कंडक्टर, शब्दाचे पक्के. त्यांनी तो कपाटात ठेवून कुलूप घातलं.

तर डिसेंबरातली ती दुपार. मी फळीवरून फोन उचलला आणि जेवायला मेसकडे निघाले. चौकातच फोन वाजला. ‘आई’.

“बोल आई.”

पलीकडून एका अनोळखी बाईचा आवाज आला, “अन्याचा फोन ना ह्यो? तू कोण बोलायलीस?”

मी फोन कानापासून लांब धरून पाहिला. तसाच काळा. पण पाचाचं बटण घासलेलं... हा माझा नव्हता!

“काकू, फोन बदललाय वाटतं. मी मैत्री. अभ्यासिकेतच असते.”

“असूंदे की. अन्याला इचारलं तर समदं चांगलंच सांगतो. तूच सांग, जेवायलाय का नीट?”

“हो... दोन वेळा.” कोण अन्या, मला पत्ता नव्हता.

“आन् पुढच्या परीक्षेचा अभ्यास?”

आता मात्र माझी पंचाईत झाली. पूर्वपरीक्षेत पास झालेल्या अकरा जणांची नावं अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहिली होती. त्यात माझं होतं. अन्या म्हणता येईल असं एकही नाव नव्हतं.

“जोरात चालू आहे, काकू,” मी म्हणाले, आणि उगाचच माझे कान तापले.

मग मी माझाच नंबर लावला.

“हॅलो... मैत्रीताई ना?” पुरुषी आवाज, पण घाबरलेला.

“ताई कुठून काढलंत?”

“तुमच्या बाबांचा फोन आला होता. म्हणजे, ते बोलत होते... मी फक्त ऐकत होतो.”

“काय म्हणाले?”

“रविवारी पाहुणे येणार आहेत तुम्हाला बघायला. मुलगा बँकेत आहे. शनिवारच्या गाडीने निघ म्हणाले.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“ते थांबेचनात हो. शेवटी मी ‘हं’ म्हणालो. घसा बसला का, म्हणून विचारलं त्यांनी. मग मी खोकलो.”

“माझ्या वतीनं स्थळाला हो म्हणालात?”

“स्थळाला नाही, गाडीला!”

मला चिडायचं होतं, खरंच. पण चौकातल्या सिग्नलपाशी उभी राहून मी इतकी हसले, की शेजारच्या आजोबांनी “काय झालं?” असं विचारून घेतलं.

संध्याकाळी टपरीवर आम्ही भेटलो. काकूंचा अन्या म्हणजे अनिरुद्ध. उंच, सडपातळ, स्वेटरची बाही कोपरावर उसवलेली. बोलताना आधी चहाच्या ग्लासकडे बघायचा, मग हळूच माझ्याकडे. दोन्ही फोन त्यानं बाकावर शेजारी शेजारी ठेवले.

“घासलेला माझा. पाचाचं बटण दाबलं की आईला फोन लागतो.”

“त्यांनी विचारलं, पुढच्या परीक्षेचा अभ्यास कसा चाललाय म्हणून.”

“मग?”

“खोटं बोलले मी. जोरात चाललाय म्हणाले.”

त्यानं ग्लास बाकावर ठेवला. “ती अंगणवाडीत काम करते. उदगीरजवळ आमचं गाव. तिथं सगळ्यांना सांगून झालंय तिचं, पोरगा साहेब होणार म्हणून... माझ्याच्यानं बोलवेना.”

“बोलायला तर लागेलच.”

“आणि तुम्ही? बाबांना सांगणार का, हे स्थळ नको म्हणून?”

मी चहा पिऊन टाकला. जीभ भाजली. “गुरुवारपर्यंत. तुम्ही तुमच्या आईंना सांगा, मी बाबांना.”

सोमवार उजाडला. ‘सांगितलं?’ त्याचा मेसेज. बटणं दाबत दाबत मी लिहिलं, ‘तुम्ही आधी.’ मंगळवारी त्यानं लिहिलं, ‘हिंमत शोधतोय. तुमच्याकडे जादा आहे का?’ बुधवारी माझ्या फोनची मेसेजची पेटी भरली. या फोनात जुनं काढल्याशिवाय नवीन काही येत नाही. मी कंपनीचे मेसेज काढले, क्लासचे काढले, मावशीच्या दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा काढल्या... पण त्याचा एकही निघेना. तेव्हाच मला माझं कळलं. पण मी परत इतिहासाच्या पुस्तकात डोकं घातलं.

गुरुवारी नदीकाठच्या पायऱ्यांवर दोघं बसलो. ऊन उतरत होतं, वाऱ्यानं माझी ओढणी सारखी त्याच्या खांद्यावर जात होती आणि तो ती अगदी गंभीरपणे परत देत होता. मग त्यानं डोळे मिटून नंबर लावला. या फोनांचा आवाज असा, की शेजाऱ्यालाही सगळं ऐकू येतं.

“आई, मी नापास झालो. पूर्वपरीक्षेतच.”

“ठाऊक हाय.”

“काय?”

“शाळेतल्या सरांनी यादी बघितली की. धा दिस झाले. तू कधी सांगतोस त्याचीच वाट बघायलेय.”

“मग त्या दिवशी फोनवर विचारलंस कशाला?”

“ती पोरगी काय म्हणते बघावं म्हटलं. वळख ना पाळख, आन् तुझ्यासाठी खोटं बोलली.” पलीकडे काकू हसल्या. “पुन्यांदा परीक्षा दे. न्हाईतर नोकरी बघ. पण माझ्यापासून काय लपवू नको बाळा.”

अनिरुद्धनं फोन खाली ठेवला. डोळे पुसताना त्यानं तोंड नदीकडे फिरवलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता माझी पाळी.

“बाबा, मी रविवारी येत नाही. मला आत्ता लग्न करायचं नाही. चार महिन्यांनी मुख्य परीक्षा आहे.”

“मंग त्या दिवशी हो काऊन म्हणाली?”

“ते मी नव्हते, बाबा...”

“मंग कोन होतं?”

मी काही बोलायच्या आत अनिरुद्धनं माझ्या हातातून फोन घेतला. “काका, मी अनिरुद्ध. आमचे फोन बदलले होते. खोकलो तो मीच. मैत्रीचा त्यात काही दोष नाही.”

बाबांचा राग मला ठाऊक होता. एका शब्दात मला गावी परत बोलावलं असतं.

“पाच मिनिटं नुसता ऐकत राहिला तू?”

“तुम्ही थांबतच नव्हता, काका.”

पलीकडे काहीतरी झालं... आधी वाटलं, फोन बंद पडला. मग कळलं, बाबा हसत होते. “तिले दे फोन. मैत्री, चार महिने घे. पाहुन्यायले मी सांगतो. आन् त्या पोराले अद्रकाचा चाय पाज.”

जानेवारीत अनिरुद्धला हिंजवडीत नोकरी लागली. खोली वारज्याला. हजेरी लावायला कंपनीनं मोठा फोन घ्यायला लावला. परीक्षा तो पुढच्या वर्षी पुन्हा देणार होता. जाताना त्यानं विचारलं, “फोटो पाठवले तर दिसतील का तुम्हाला?”

“माझ्या फोनात? चौकोन दिसेल फक्त.”

म्हणून तो लिहून पाठवायचा. ‘पुलावर बस अडकली आहे. समोरच्या टेम्पोत सहा बकऱ्या. एक माझ्याकडे तुमच्यासारखी बघते आहे — तुम्ही चिडता तशी.’ ‘खिडकीतून डोंगर दिसतोय. आज त्याला कुणीतरी धुवून वाळत घातल्यासारखा.’ दिवसभर अभ्यास करून डोकं जड झालं, की मी ती दोन-दोन ओळींची चित्रं उघडायची. परीक्षेच्या आधीचा महिना मात्र त्यानं आपणहून एकही मेसेज पाठवला नाही. तो महिना मला किती लांब गेला, ते माझं मलाच माहीत.

मुख्य परीक्षेचा शेवटचा पेपर संपला. फाटकाबाहेर गर्दी होती, आणि गर्दीत सगळ्यांच्या वर एक डोकं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच.

“कसा गेला पेपर?”

“चांगला गेला. तू कधीचा उभा आहेस?”

“दोन तासांपा—” तो थांबला. “तू?”

“हो. तू.”

त्याचे कान लाल झाले. “मी हिंजवडीपासून इथपर्यंत एक वाक्य पाठ करत आलो होतो...”

“मग म्हण की.”

“आठवत नाही आता.”

“बरं. मग मीच म्हणते.” तीन तास लिहून आल्यावर माणूस फारसं कशाला भीत नाही. “मला तू आवडतोस, अनिरुद्ध. निकाल काहीही लागो.”

तो फुटपाथच्या कडेवर चक्क खाली बसला. मग वर बघून इतकं हसला, इतकं हसला... “मला पण,” एवढंच त्याला म्हणता आलं. मी शेजारी बसले आणि त्यानं माझा शाईनं माखलेला हात धरला, भर रस्त्यात.

मी दुसऱ्या हातानं फोन काढला.

“बाबा, परीक्षा झाली. रविवारी येते मी.”

“ये ना बाई.”

“अनिरुद्धला घेऊन येते.”

अनिरुद्धची पकड घट्ट झाली. पलीकडून काहीच येईना.

“बाबा... ऐकताय ना?”

“ऐकून राहिलो.” बाबांनी घसा खाकरला. “रातभराचा प्रवास हाय. खिडकीची सीट तू घे, त्याले बाजूले बसव. स्टँडवर मी उभा राहतो.”