धाबेकर वकिलांची ना-हरकत

रविवारी सकाळी कौतिकाबाई ढोरे दमयंतीबाईंच्या दारात आल्या त्या रडतच.

"माहं घर जाते, बाई! दीर म्हणते घर त्याचं. उद्या शेवटची तारीख. नवऱ्याचं मृत्युपत्र दाखवलं नाही तं पुरावा बंद, असं जजसाहेबानं सांगतलं. अन् कागदच सापडत नाही."

दमयंती खानझोडे सव्वीस वर्षं कोर्टात स्टेनो होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी अचलपुरात खासगी तपासाची पाटी लावली तेव्हा गाव हसलं होतं. त्यांचे जोडीदार, निवृत्त हवालदार गुलाबराव ठोंबरे, यांना मात्र बाईंच्या डोक्याचा भारी अभिमान. स्वतःचं ते फारसं वापरत नसत.

"झेरॉक्स आहे?"

"नाही जी. असलीच देली, वकीलसाहेबाच्या हातात. धाबेकरसाहेबावर कावून अविश्वास करू? मी चवथीत होती तवा माह्या मायची केस त्यायनंच जिंकली. म्हणून शिकली मी, अंगणवाडीत लागली. आता उकंडा कारकून म्हणते, कागद कोर्टात जमा हाये. कोर्टात इचारलं तं कायीच जमा नाही."

"म्हणजे कारकून खोटं बोलला," गुलाबरावांनी मिशीवर ताव दिला. "खेळ खल्लास."

"एवढ्यात निकाल द्यायला तुम्ही जज आहात का, हवालदार?" म्हणत बाईंनी चपला घातल्या.

वकिलांचं ऑफिस घरातच होतं. रविवार असूनही ऐंशीच्या घरातले धाबेकर काळा कोट घालून बसले होते. पाठीशी बत्तीस वर्षांपासूनचा कारकून उकंडा मेटांगे उभा.

"या, सगुणाबाई!" वकील कौतिकाबाईंकडे पाहून प्रसन्न हसले. "पोरीला शाळेतून काढू नका, बरं का."

"साहेब, कौतिकाबाई ढोरे. घराची केस," उकंडा वाकून पुटपुटला.

"हो, हो. इतके पक्षकार, चुकायचंच माणूस."

कौतिकाबाईंचे डोळे भरून आले. घराच्या काळजीनं, असं गुलाबरावांना वाटलं.

"साहेब, मूळ कागद कोण सांभाळतं?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"मी स्वतः. ज्याचा कागद त्याच्या गाठोड्यात, माझ्या हातानं बांधतो. उकंड्यालाही हात लावू देत नाही."

टेबलावरच्या डायरीत सगळ्या तारखा उकंडाच्या अक्षरात होत्या. चालू केसेसच्या फायली कोणीतरी पुन्हा पुन्हा सोडून घाईनं बांधल्यासारख्या दिसत होत्या. वरच्या फळीवर निकाली केसेसची लाल गाठोडी आणि बोटभर धूळ. एकाच गाठोड्यावरची धूळ पुसलेली होती. गुलाबराव तेवढ्यात शिंकण्यात गुंतले.

बाहेरच्या खोलीत ज्युनिअर वकील शलाका निंभोरकर टाइप करत होती. गुलाबरावांनी तिला पोलिसी आवाजात घेरलं. "काल कोर्टाच्या कँटीनमध्ये कौतिकाबाईंच्या दिराबरोबर चहा पीत होता म्हणे तुम्ही? विरुद्ध पार्टीबरोबर?"

"हरिदास तडजोडीचा निरोप घेऊन आला होता," ती चिडून म्हणाली. "अर्धं घर सोडायला तयार आहे. मृत्युपत्राची धास्ती घेतलीय त्यानं. मला साहेबांना सांगायचं होतं, पण उकंडाकाका भेटू देत नाहीत."

उकंडाला विचारलं तर तो भिंतीकडे बघत बोलला. "मी खोटं बोललो, बाई. वाटलं, सोमवारपर्यंत सापडल."

वकील घरात चहाला गेले तशा दमयंतीबाई परत ऑफिसात येऊन खुर्चीत बसल्या.

"कागद चोरीला गेलाच नाही. हरिदासकडे असता तर तो अर्ध्या घरावर राजी झालाच नसता, म्हणून शलाकाही सुटली. उकंडानं लपवला असता तर चालू फायली इतक्यांदा उपसल्याच नसत्या. लपवणारा शोधत नाही, हवालदार."

"मग राहिलं कोण?"

"साहेब. त्यांनी कागद प्रामाणिकपणे ज्याचा त्याच्या गाठोड्यात बांधला. फक्त समोर कोण बसलंय हे त्यांना कळलं नाही. कौतिकाबाई, सगुणाबाई कोण?"

"माही माय," कौतिकाबाई हळूच म्हणाल्या. "वारली तिले वीस वर्षं झाली. चवथीतली पोरगी मीच ना जी."

गुलाबरावांनी स्टूल ओढलं आणि वरचं स्वच्छ गाठोडं काढलं. वर लिहिलं होतं: सगुणाबाई, निकाल १९७४. जुन्या पिवळ्या कागदांवर कौतिकाबाईंच्या नवऱ्याचं नवं करकरीत मृत्युपत्र होतं.

"चालूच फायली शोधत बसलो मी," उकंडा म्हणाला. "दोन वर्षं झाली, साहेबाले माणसं आठवत नाहीत. मी मागून नाव सांगतो, डायरी लिहितो. बाईसाहेब गेल्या, पोरं अमेरिकेत. हा कोट घातला की तेवढे माणसात असतात जी. तो काढला तं काय राहीन?"

"तुझी माया खरी," दमयंतीबाई म्हणाल्या. "पण त्या मायेपायी एका बाईचं घर जात होतं."

उद्या कोर्टात शलाका उभी राहणार असं ठरलं. वकील बदलायचा तर नव्या वकीलपत्रावर जुन्याची ना-हरकत लागते. धाबेकर बाहेर आले तेव्हा तो कागद पुढे करायला कोणाचाच हात उठेना. शेवटी कौतिकाबाईंनीच तो टेबलावर ठेवला.

वकिलांनी न वाचता सही केली. मग चष्म्यावरून कौतिकाबाईंकडे निरखून पाहिलं.

"काळजी करू नका, सगुणाबाई. केस आपण जिंकू. पण पोरीला शिकवायचं, कबूल?"

उकंडा सवयीनं पुढे वाकला. कौतिकाबाईंनी हातानंच त्याला थांबवलं, डोक्यावरचा पदर मायसारखा पुढे ओढला आणि वाकून वकिलांच्या पायांना हात लावला.

"कबूल, साहेब," त्या म्हणाल्या. "शिकवतो जी पोरीले."