ऐकण्याची जागा

टीव्हीचा आवाज स्पीकरांना पुरवणारा रिसीव्हर घ्यायला आम्ही तिघं गेलो होतो. मी, बायको आणि तिची मुलगी. ‘तिची’ म्हणालो, ते तसंच राहू द्या. पोरगी नऊ वर्षांची आहे आणि आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी मला काका म्हणते, अहोजाहो करते. फार गुणी आहे, पण पाहुण्याशी वागावं तशी माझ्याशी वागते.

घरातला जुना रिसीव्हर चार महिन्यांपूर्वी जळाला होता. वीज गेली, आली, आणि आतून धूर निघाला. त्याला जोडलेले पाच स्पीकर मात्र ठणठणीत होते. ते बायकोच्या पहिल्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बनवलेले. तो नाटकांच्या ध्वनीचं काम बघायचा. पाच वर्षांपूर्वी गेला. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण सख्ख्या भावाबद्दल नसेल इतकं मला त्याच्याबद्दल ठाऊक आहे. कान तिखट. उंची माझ्याहून वीतभर जास्त. शर्टाला कायम सोल्डरिंगच्या राळेचा वास, कारण दिवसभर तारा जोडणं चालायचं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते दूध मी दोन वर्षं मुकाट्याने पीत होतो.

खरं सांगायचं तर रिसीव्हर जळाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. घर गप्प झालं, आणि त्या गप्प घरात पहिल्यांदा माझा आवाज मला ऐकू आला. पण एके दिवशी जेवताना पोरीने विचारलं, “काका, बाबांचे स्पीकर आता कायमचेच बंद का हो?” बायकोने मान खाली घातली. तेव्हा माझ्या मनात आलं, आवाज परत यायचाच असेल तर तो माझ्या हाताने येऊ दे. मशीन माझं, मांडणी माझी. मग बघू काका कोण म्हणतं.

दुकानदार म्हातारा आणि सरळ माणूस होता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी आधीच सांगितलं, घरच्या पाच स्पीकरांना चालेल असा स्वस्तातलाच दाखवा.

“स्वस्तातलाच घ्या, पण खोक्यावरचे वॉट बघून घेऊ नका,” तो म्हणाला. “तो आकडा एकदोन स्पीकर वाजवून काढलेला असतो. पाचही एकदम वाजले की निम्मासुद्धा उरत नाही. आणि सात-नऊ चॅनेलवाला कशाला? तुमचे स्पीकर पाच. ते किती ओहमचे आहेत?”

मी बायकोकडे पाहिलं. बायको पटकन म्हणाली, “चार. पुढचे दोन चार ओहमचे, बाकीचे आठ.”

म्हाताऱ्याने कौतुकाने मान हलवली. “मग चार ओहम झेपणाराच द्यायला हवा, नाहीतर तापून बंद पडेल. वहिनींना बरंच कळतं हो यातलं.”

आमच्या लग्नाची तारीख ती दोनदा विसरली आहे.

शेवटी गेल्या वर्षीचं एक मॉडेल घेतलं. दुकानात मांडून ठेवलेलं होतं म्हणून उतरत्या किमतीला मिळालं. सोबत लांब वायरीचा एक छोटा माइक होता. म्हातारा म्हणाला, “हा माइक तुम्ही बसता त्या जागी, बसल्यावर कान जिथे येतो तितक्या उंचीवर ठेवा. मशीन एकेका स्पीकरमधून आवाज सोडेल आणि तुमच्यापासून कोणता किती लांब ते स्वतः मोजेल. फक्त खोलीत त्या वेळी कुणी असता कामा नये.”

आता आमची बसायची खोली सांगतो. लांबट आहे. समोर टीव्ही, त्याच्या बाजूंना तीन स्पीकर, आणि मागच्या भिंतीवर उंच ठोकलेले दोन. मधे सोफा. आणि खिडकीशी पहिल्या नवऱ्याची वेताची खुर्ची. तिच्यात कोणी बसत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण मी पहिल्यांदा त्या घरी गेलो आणि तिच्यात बसायला लागलो, तेव्हा मायलेकी दोघी एकदम म्हणाल्या, “इकडे सोफ्यावर बसा ना.” पाचही स्पीकरांची तोंडं त्या खुर्चीकडे वळवलेली होती.

रविवारी दुपारी दोघी मावशीकडे गेल्या. मी कामाला लागलो. स्पीकरच्या तारांना त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, ‘डावा पुढचा’, ‘उजवा मागचा’. त्या मी कापून टाकल्या आणि माझ्या अक्षरात नव्या लावल्या. तशी काही गरज नव्हती. मग पाचही स्पीकर फिरवले, सोफ्यावरच्या माझ्या जागेकडे. बायको डावीकडे बसते, मी तिच्या उजवीकडे. माझ्या जागी स्टुलावर पुस्तकं रचून बरोबर कानाच्या उंचीवर माइक ठेवला. पंखा बंद केला. फ्रीज बंद केला. घड्याळातला सेल काढला. बटण दाबून बोळाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

भर दुपारी घर इतकं शांत असू शकतं हे मला माहीत नव्हतं. डाव्या स्पीकरमधून सर्रकन आवाज आला. मग मधला, उजवा, मागचे दोन. आणि पडद्यावर अक्षरं आली, खोलीत आवाज आहे, शांतता ठेवून पुन्हा करा.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी श्वास रोखून धरला. तेव्हा मला ऐकू आलं. वेत कुरकुरला... अगदी हलके, माणूस नीट ऐकायला जरा पुढे झुकतो तसा. खिडक्या बंद होत्या. आणि राळेचा वास आला. मी त्या दिवशी सोल्डरिंगच्या सामानाला हातही लावला नव्हता.

या वेळी मशीनने तक्रार केली नाही. आकडे दाखवले. पाचही चुकलेले.

मी जमीन मोजणारा माणूस आहे. वीस वर्षं लोकांच्या हद्दी ठरवतोय, चुकलेला आकडा मी सोडत नाही. टेप काढली, माइकपासून अंतरं मोजली. डावा स्पीकर टेपवर दोन मीटर चाळीस, मशीनच्या मते तीन दहा. मग कागदावर खोली काढली आणि मशीनचे आकडे धरून कंपास फिरवला. आमच्या कामात तीन ठिकाणांपासूनची अंतरं जुळली की जागा पक्की. इथे पाच होती. पाचही रेघा एका ठिपक्यावर येऊन मिळाल्या. मागचे स्पीकर उंच असल्यामुळे हिशेबाने उंचीही निघते. ठिपका वेताच्या खुर्चीत होता, पाठीला टेकून बसलेल्या माणसाचं डोकं येतं तिथे.

मी घाबरलो असेन असं तुम्हाला वाटेल. मला राग आला. माझं मशीन, माझ्या खिशातून आणलेलं, आणि तेही त्याच्याच बाजूने बोलणार! मी खुर्ची उचलली आणि मागच्या गॅलरीत नेऊन उलटी टाकली. “बस आता कुठे बसायचं तिथे,” असं मोठ्याने म्हणालो. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुन्हा मोजणी लावली. पहिल्याच फटक्यात झाली. पुढचे तिन्ही आकडे टेपशी जुळत होते. माझी जागा! मी एकटाच हसलो. मग सवयीने मागचे दोन तपासले. दोन्ही थोडे कमी होते. मागचे स्पीकर वर, भिंतीवर. त्यांचं अंतर कमी, म्हणजे ऐकणारा कान माइकपेक्षा वर.

मी हिशेब मांडला. जागा माझीच होती, सोफ्यावर, बायकोच्या उजवीकडे. फक्त उंची वीतभर जास्त.

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

संध्याकाळी दोघी आल्या. खुर्ची जागेवर नाही हे बायकोने पाहिलं आणि ती सोफ्यावर जाऊन बसली. पोरीने तिचा आवडता सिनेमा लावला, पडदे ओढले. मी माझ्या जागेकडे पाहिलं आणि “मी इथून ऐकून बघतो,” म्हणून दाराशी उभा राहिलो. आवाज असा सुरेख आला म्हणता. बायकोने डोळे मिटले. माझ्यासोबतच्या दोन वर्षांत मी तिला इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

अर्ध्या सिनेमात पोरगी अंधारात म्हणाली, “बाबा, थोडा वाढव ना.”

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं. रिमोट माझ्या हातात होता, मी अंगठा बटणावर नेला... आणि थांबलो. मी दाराशी, तिच्या पाठीमागे उभा होतो. ती मागे बघत नव्हती. ती तोंड वर करून शेजारी, सोफ्यावरच्या माझ्या जागेकडे बघत होती. जरा जास्तच वर.

मी बटण दाबलं नाही. आवाज वाढला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची परत आणली, पुसली, होती तिथेच ठेवली. त्याला मनातल्या मनात विनवलं, बाबा रे, तुझी जागा तू घे. मोजणी लावली. ठिपका हलला नाही. तो सोफ्यावरून उठायला तयार नव्हता, आणि का उठेल? इतकी वर्षं खुर्चीत बसून तो नुसतं ऐकत होता, आणि बायकोच्या शेजारी मी बसलेला बघत होता. हेवा फक्त मलाच वाटतो असं मी धरून चाललो होतो.

तेव्हापासून खुर्चीत मी बसतो. इकडे बसा असं आता कोणी म्हणत नाही. मोजणी मी अधूनमधून करतो. परवा केली तेव्हा माइक सोफ्यावर होता आणि मी नेहमीसारखा दारात उभा होतो. पडद्यावर दोनदा आलं, खोलीत आवाज आहे. मग आकडे आले. या वेळी रेघा खुर्चीत मिळाल्या. उंची तीनदा काढली. माझ्या कानाची.

काल पोरीची एक मैत्रीण खेळायला आली होती. मी खुर्चीत बसलो होतो. मैत्रीण सरळ माझ्याकडे आली आणि पाठ करून बसायला लागली. पोरीने तिचा हात धरून ओढला.

“तिथे नको बसू. ती काकांची जागा आहे.”

दोन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो.

मैत्रिणीने खोलीभर पाहिलं. “कुठे आहेत तुझे काका?”

पोरगी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी तिला हाक मारली. मग तिने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला, इतका की माझी हाक मलाच ऐकू आली नाही.