दोब्रिंकाबाईंचा नकार

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर सोडते. मी यात एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. पदरचं घातलं की काय होतं, ते आमच्या घरात आता सगळ्यांना कळलंय.

हे घडलं माझ्या नणंदेच्या, रालित्साच्या बाबतीत. आमच्या रुसे शहरात, डॅन्यूबच्या काठी. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा बुधवार होता. भर दुपार होती, रात्रबित्र नव्हती.

रालित्सा पॉडकास्ट करते. एकटीच.

आमच्याकडे माणूस गेलं की दारावर त्याचं नाव आणि फोटो असलेला कागद लावतात. चाळीस दिवसांनी नवा, वर्षानं पुन्हा नवा. लोक क्षणभर बघतात आणि पुढे जातात. रालित्सा मात्र थांबायची. दर आठवड्याला एक कागद निवडायची, त्या घरची बेल वाजवायची, कॉफी पीत पीत माणसांना बोलतं करायची आणि गुरुवारी त्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायची. सुरुवात ठरलेली असायची, "इथे खोटं काही नाही."

पहिल्या वर्षी ऐकणारे जेमतेम चाळीस, त्यातले निम्मे नातेवाईक. पण पोरगी चिवट. आलेल्या प्रत्येक पत्राला नावानिशी उत्तर द्यायची. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा, सगळं पुढच्या भागात आठवणीनं विचारायची. हळूहळू परदेशात गेलेली आमची माणसं जमली. जर्मनीतले ट्रकवाले, इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका. त्यांना ती आपल्याच गल्लीतली वाटायची.

तीन वर्षांत तिनं एकही गुरुवार चुकवला नव्हता. एखादा भाग फसला तर लोक पोटात घालतात, पण गुरुवार चुकला तर सवय मोडते, असं तिचं म्हणणं.

आणि त्या बुधवारी हातात काहीच नव्हतं. ठरलेल्या घरच्यांनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं.

परतताना एका जुन्या इमारतीच्या दारावर तिला कागद दिसला. दोब्रिंका. वय एक्क्याऐंशी. जाऊन एक वर्ष.

खाली शोकाकुल म्हणून कुणाचंच नाव नव्हतं.

म्हणजे तक्रार करणारंही कुणी नाही.

रालित्सानं बेल वाजवली नाही. सरळ घरी आली आणि कपड्यांच्या कपाटात जाऊन बसली. ती तिथेच बोलते, कोटांमुळे आवाज घुमत नाही. फोटोतल्या चेहऱ्यावरून तिनं गोष्ट रचली. दोब्रिंकाबाई लग्नाचे पोशाख शिवायच्या. खिडकीत बसून गायच्या, तेव्हा गल्ली खाली उभी राहून ऐकायची. एका खलाशाची वाट बघता बघता त्या म्हाताऱ्या झाल्या.

मलाही ऐकून रडू आलं होतं.

काटछाट करायला ती हेडफोन लावून बसली, तेव्हा पहिल्याच वाक्यानंतर...

च्.

जीभ टाळूला लावून केलेला आवाज. आमच्याकडे 'नाही' म्हणायला शब्द लागत नाही. मान जराशी वर करून एवढं केलं की समोरच्याला कळतं.

तिला वाटलं, तोंड कोरडं पडलं असेल. माइकपुढे असं होतं, म्हणून ती आधी हिरवं सफरचंद खाते. त्या दिवशीही खाल्लं होतं. तिनं तो आवाज कापला. पुढे दुसरा निघाला. मग तिसरा.

एकूण एकवीस कापले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी... एक.

गुरुवारी भाग गेला आणि तुफान चालला. आजवर कुठलाच एवढा चालला नव्हता.

शुक्रवारी बोलोन्याहून झिव्काचं पत्र आलं. ही पहिल्या भागापासून ऐकणारी बाई, रालित्सा तिला मावशी म्हणते. तिनं लिहिलं होतं, "भाग छान झालाय. पण तुझ्याशेजारी बसून सारखं नाही नाही कोण करत होतं गं?"

रालित्सानं गेलेला भाग लावला.

कापलेले एकवीसच्या एकवीस जागच्या जागी होते.

तिचा माइक एकच. त्यातून येणारा आवाज दोन्ही कानांत सारखा पडायला हवा. हे आवाज फक्त डाव्या कानात येत होते... अगदी जवळून.

शनिवारी ती त्या इमारतीत गेली. दोब्रिंकाबाईंचं दार बंद होतं. समोरच्या त्सोन्का मावशींनी दार उघडलं. कागद त्यांनीच लावला होता. दुसरं कोण लावणार, असं त्या म्हणाल्या. त्यांना पॉडकास्ट वगैरे काही ठाऊक नव्हतं.

"दोब्रिंकाबाई खिडकीत बसून गायच्या ना?" रालित्सानं चाचरत विचारलं.

"कोण, ती?" मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, ती जन्माची मुकी. स्टेशनच्या खानावळीत भांडी घासून हाडं झिजवली तिनं. कुणी सांगितलं तुला हे?"

"मग... बोलायच्या कशा?"

"हो म्हणायचं असलं की हसायची. आणि नाही म्हणायचं असलं की..."

मावशींनी मान वर केली.

च्.

जिना कसा उतरली, ते रालित्साला आजही आठवत नाही.

तिची झोप उडाली. खरं सांगावं, तर तीन वर्षं ज्या विश्वासावर माणसं जोडली ती एका गुरुवारात उठून जाणार. न सांगावं, तर डावा कान तिला सोडत नव्हता. माझ्या नवऱ्यानं बहिणीची थट्टा करून पाहिली. "बायका नवऱ्यांना माफ करतात," तो म्हणाला, "तुला नाही करणार? माग माफी आणि हो मोकळी."

मंगळवारी दुपारी ती पुन्हा कपाटात बसली. मला तिनं बाहेर पलंगावर बसवलं होतं. एकटीला भीती वाटत होती.

"दोब्रिंकाबाई मुक्या होत्या," ती बोलू लागली. "मी सांगितलं ते सगळं मी रचलेलं होतं."

आम्ही दोघींनी कान टवकारले.

काहीच नाही.

तिचा आवाज सैल झाला. "मला माफ करा. असं मी एकदाच केलंय."

...

च्.

मी ऐकला तो. माझ्या कानाला हेडफोन नव्हता.

आणि तो एकटीचा नव्हता. त्यात एक जाड, पुरुषी होता. एक कवळीतून आल्यासारखा. आणि एक... अगदी लहान मुलाचा.

दार ढकलून रालित्सा बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाचदा," ती पुटपुटली.

च्.

"नऊ..."

च्.

पुढचा आकडा तिनं सांगितला नाही. तिला तो माहीतच नव्हता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून कुठे एखादा शेवटचा शब्द घातलेला, कुठे एखादी आठवण वाढवलेली. तिनं कधी मोजलंच नव्हतं.

त्या आठवड्यात पहिल्यांदा गुरुवार चुकला.

आता ती जुन्या भागांची यादी घेऊन दारोदार फिरते आणि घरच्यांना एकेक वाक्य विचारते. ऐकणारे गेलेले नाहीत. काळजी घे, आम्ही वाट बघतोय, असं रोज कुणी ना कुणी लिहितं. ते वाचून ती आणखीच खचते.

एक गोष्ट मात्र मी तिला अजून विचारलेली नाही. धीर होत नाही.

तिचा अगदी पहिला भाग माझ्या सासऱ्यांवर आहे. ते दवाखान्यात वारले तेव्हा जवळ फक्त रालित्सा होती. त्यांचा आणि सासूबाईंचा सहा वर्षं अबोला होता. जाताना ते म्हणाले, "तिला सांग, माझ्या मनात राग नाही." हे आम्हाला त्या भागातूनच कळलं. सासूबाई त्या एका वाक्यावर जगतात. रोज सकाळी कॉफी घेताना तेवढाच तुकडा लावतात.

परवा त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. फोन कानाशी धरून बसल्या होत्या. कॉफी तशीच गार झाली होती.

"बघ गं जरा, बिघडलंय का हे?" त्या म्हणाल्या. "तुझे सासरे मध्येच नाही म्हणतायत."