घाटावरचा पोस्टमन

तो माणूस तिसऱ्यांदा आमच्यासमोरून गेला, तेव्हा ईशाची मोजणी चुकली.

आम्ही दोघी तिच्या घराच्या पायरीपासून विहिरीपर्यंत पावलं मोजत होतो. भूगोलाचा पहिला धडा – आपलं घर, आपली विहीर, मधली वाट. ईशा सात वर्षांची. तिला शाळेत घातलेलं नव्हतं. तिचे आईबाबा, संस्कृती आणि सागर, ठाणं सोडून पावसजवळच्या आमच्या वाडीत आंब्याच्या कलमांची बाग घेऊन राहायला आले, तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की पोर दहा वर्षांची होईपर्यंत तिला घरीच शिकवायचं. भाषा आणि गणित संस्कृती बघायची. भूगोल माझ्याकडे आला, कारण ईशा एका जागी बसत नाही... आणि खरं सांगायचं तर मीही बसत नाही.

डी.एड. होऊन मला सहा वर्षं झाली होती. शिक्षक भरतीच्या याद्या यायच्या, जायच्या. त्यात मनस्वी मांडवकर हे नाव कधी नसायचं. सव्वीस वर्षांची मी दिवसभर घरात ओटीवरून परसात, परसातून ओटीवर फिरत असायचे. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागलीय.

“मनूताई, हा परत आला,” ईशा म्हणाली.

खांद्याला पोस्टाची पिशवी, घामाने पाठीला चिकटलेला शर्ट, हातात एक पाकीट. तो अंगणाच्या दगडी गडग्याशी थांबला.

“गंगुबाई केरू शिवलकर यांचं घर शोधायलोय,” तो म्हणाला.

“काय करायलोय?” ईशाने विचारलं.

“शोधतोय म्हणतायत ते,” मी सांगितलं. मग त्याला विचारलं, “गंगुबाई वरच्या वाडीतल्या की खालच्या?”

त्याने मान उचलून खरोखरच वर पाहिलं. “तेच तर कुणी नीट सांगत नाही. आमच्याकडं वर म्हणजे आभाळच, मॅडम. बाकी सगळं सपाट.”

ईशा हसत हसत गडग्यावरच बसली. मी ओठ आवळले, पण जमलं नाही. तो रागावला नाही. आमचं हसू संपेपर्यंत शांतपणे उभा राहिला आणि मग म्हणाला, “झालं? आता सांगा.”

त्याचं नाव अजिंक्य भुसारे. लातूर जिल्ह्यातला, औशाकडचा. दहावीच्या मार्कांवर डाकसेवकाची नोकरी लागली आणि नेमणूक आली ती थेट इकडे, समुद्राकाठी. येऊन दोन महिने झाले होते. वाडीत घरांना नंबर नाहीत, वाटा पाखाड्यांच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या, एकाच नावाच्या तीन-तीन बायका – रोज तो चुकत होता.

त्या दिवशी ईशानेच त्याला शिवलकरांकडे नेऊन सोडलं आणि परत येऊन मला बजावलं की नकाशा आता विहिरीपाशी थांबवायचा नाही. सगळ्या वाडीचा करायचा. तो पोस्टमन रडवेला झाला होता, असं तिचं म्हणणं. मला तो मुळीच रडवेला वाटला नव्हता. पण मी हो म्हटलं.

महिनाभर आम्ही तेच केलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. घराला चौकोन, विहिरीला गोल, पाखाडीला आडव्या रेघा. साडेदहाच्या सुमारास खालच्या वळणावर मोटारसायकलचा आवाज यायचा, आणि थोड्या वेळाने तो कागदावर वाकलेला असायचा. हे घर बंद आहे, माणसं विरारला असतात; या घरातली आजी लेकीकडे राहते, तिची पेन्शन तिकडे द्यावी लागते... वाडीत जन्मून मला ठाऊक नव्हतं ते त्याला तीन महिन्यांत ठाऊक झालं.

एकदा दिशांचा धडा चालला होता. मी त्याला सहज विचारलं, “तुम्ही सांगा बघू, पश्चिम कुठे?”

“दुपारी साडेचारनंतर तुम्ही ओटीवर बसून जिकडं बघत असता ना... तिकडं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“डाक वाटून परत जाताना सगळी घरं दिसतात, मॅडम.” आणि एवढं बोलून तो पिशवी सावरत निघूनही गेला.

त्या दिवसापासून माझं ओटीवर बसणं अवघड झालं. बसले तर त्याच्यासाठी बसल्यासारखं वाटायचं, उठले तर उगाच उठल्यासारखं. मंगळवारी आणि गुरुवारी मी परसातली वाळलेली पानं दोन-दोनदा झाडायचे. वळणावर कुठलीही मोटारसायकल वाजली की झाडू थांबायचा. बहुतेक वेळा दूधवाला असायचा.

डिसेंबरात तो चार दिवस गावी गेला, येळवशीसाठी. त्यांच्याकडे त्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं, असं त्याने ईशाला सांगितलं होतं. त्या चार दिवसांत मी ईशावर दोनदा विनाकारण चिडले. पाचव्या दिवशी तो आला आणि पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढून त्याने ईशाच्या हातावर ठेवली. आत मूठभर माती होती. काळीभोर.

“ही घाण आहे?” ईशाने विचारलं.

“ही आमची अडीच एकर आहे,” तो म्हणाला.

मग मी त्यावरच धडा घेतला. एका बशीत त्याची माती, दुसरीत आमची तांबडी, दोन्हींवर वाटीभर पाणी. आमच्या मातीतून पाणी केव्हाच खाली गेलं. काळी माती फुगली, चिकट झाली आणि ईशाच्या बोटांना धरून बसली.

“तुमची माती काही थांबवून धरत नाही,” तो हळूच मला म्हणाला.

“तुमची एकदा धरली की सोडत नाही वाटतं?”

“नाही सोडत.” तो बशीकडे बघत होता. कान मात्र लाल झाले होते.

ते दिवस फार चांगले गेले. आणि मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो आला, पण कागदावर वाकला नाही. ईशा पाणी प्यायला आत गेली होती. तो म्हणाला, बदलीची यादी लागलीय. आपल्या तालुक्यासाठी अर्ज केला होता, ती जागा मिळाली. पंधरा दिवसांत हजर व्हायचंय.

“अभिनंदन,” मी म्हणाले.

“अर्ज भरला तेव्हा तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं मला.”

“हो... बरोबर आहे.”

तो आणखी काही बोलणार होता. पण ईशा बाहेर आली आणि त्याने पिशवी उचलली. त्याची आई एकटी होती, हे मला माहीत होतं. वडील नव्हते, बहिणीचं लग्न झालेलं, आईचे गुडघे दुखायचे आणि शेत अर्ध्या वाट्याने लावलेलं. त्याने जायलाच हवं होतं. हे सगळं कळत असूनही मला त्या रात्री झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी ईशाला चक्क सूर्य उत्तरेला मावळतो असं शिकवलं.

“मनूताई, तुझं लक्ष नाहीये,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “लातूर किती लांब आहे?”

आम्ही भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर दोरा धरला. एक टोक रत्नागिरीवर, दुसरं लातूरवर. मग तो दोरा खालच्या प्रमाणपट्टीवर ठेवून तिने मोजला. सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर. तिने मुंबईपर्यंतही मोजून बघितलं.

“मुंबई जवळ आहे,” ती म्हणाली. “पण शेजारच्या फैझानचे पप्पा तर दुबईला असतात, ते याच्यापेक्षा लांब. सगळे कुठे कुठे जातात. मग लातूरला का नाही कोण जात?”

मी दोरा गुंडाळत राहिले. खरंच, आमच्याकडे माणसं जायची ती मुंबईला नाहीतर आखातात. आणि जायचे ते पुरुष. बायका मागे राहायच्या. माझे बाबा एकतीस वर्षं मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये होते. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे. बाकीचं सगळं वर्ष आई वाट बघायची. मागच्या वर्षी ते निवृत्त होऊन आले, तर त्यांना घरात मीठ कुठे असतं तेही माहीत नव्हतं. आणि आता ते माझ्यासाठी बोरिवलीच्या मुलाचं स्थळ बघत होते. लग्नानंतर वर्षभर इकडेच राहावं लागेल, तिकडे जागा लहान आहे, असं मुलाकडच्यांचं म्हणणं होतं.

दोन दिवस मी तेच तेच मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेले. पोस्ट म्हणजे एका घराची पडवी. टेबल, तिजोरी आणि वजनकाटा. अजिंक्य एकटाच शिक्के मारत होता. मला बघून त्याचा हात तसाच वर राहिला.

“मला काही टाकायचं नाहीये,” मी म्हणाले. “बोलायचंय.”

तो उभा राहिला. मी बोलायच्या आधी तोच घाईघाईने म्हणाला, “मी नाही म्हणून कळवतो. बदली नको म्हणून. दोन दिवस तोच कागद लिहायलोय. तुम्ही फक्त एकदा...”

“आणि आई?”

त्याने हातातला शिक्का टेबलावर ठेवला.

“म्हणजे तिकडे त्या वाट बघत बसणार. तुम्ही गेलात तर इकडे मी बसणार. कुणीतरी एक बाई वाट बघत बसलीच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?”

“मग मी काय करू, मनस्वी?” त्याने पहिल्यांदाच माझं नाव घेतलं.

येताना वाटेत पाठ केलेलं सगळं मी विसरले होते. “मला थांब म्हणू नका,” मी म्हणाले. “मला... चल म्हणा.”

तो म्हणाला, तिकडे दोन खोल्यांचं घर आहे, एप्रिलपासून टँकर येतो, ऊन असं पडतं की तुम्ही कधी पाहिलं नसेल. समुद्र तर नाहीच नाही. तो एकेक गोष्ट अशी सांगत होता, जणू मी नाही म्हणावं म्हणूनच. मी सगळं ऐकून घेतलं.

“झालं?” मी विचारलं. “आता म्हणा.”

“येता का?” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं. “माझ्यासोबत... येता का?”

मी मान हलवली. बाहेर कुणीतरी मनीऑर्डर विचारत आलं, म्हणून मी तशीच निघाले आणि वाटेत दोनदा ठेचकाळले.

घरी सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीतून उठलेच. घाटावर मुलगी द्यायची नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. आपल्याकडे कुणी दिलीय का? कोण माणसं, कसली माणसं, आणि एवढ्या लांब... बोरिवली काय वाईट होती? आई तांदूळ निवडत होती. बाबांसमोर तिने कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

“मुंबई एका रात्रीच्या वाटेवर हाय,” ती सूप खाली ठेवून म्हणाली. “तरी तुम्ही वर्षातनं दोनदाच आलात. लांब काय नि जवळ काय... ती जाईल तिथं दोघं एका घरात तरी राहतील.”

बाबा परत खुर्चीत बसले. त्यांना काय वाटलं असेल ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं की पोरगा रविवारी मोकळा असतो काय.

ईशाला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, “मग मी कुणाबरोबर चालू?” संस्कृतीने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की सकाळी कामाचा लॅपटॉप उघडायच्या आधी ती स्वतः तिच्याबरोबर फिरेल. ईशाने त्यावर काही कबूल केलं नाही. पण तिने माझा हात सोडला नव्हता.

रविवारी अजिंक्य आला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबांनी गाव विचारलं, शेत विचारलं, आईचं विचारलं. तो सरळ सरळ उत्तरं देत होता. मग पानं मांडली. आईने बांगडे तळले होते. त्याने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुणी काही बोलायच्या आत एक मोठा तुकडा तोंडात घातला. दुसऱ्याच घासाला त्याचे डोळे पाण्याने भरले. काटा.

मी पुढे होणार तोच बाबांनी हात केला. सुका भात गिळायला सांगितला. काटा गेला. मग त्याचं ताट त्यांनी स्वतःकडे ओढलं आणि मान खाली घालून, शांतपणे, एकेक काटा काढायला लागले. बोटं सफाईने चालत होती. कँटीनमध्ये किती जणांची ताटं त्यांनी अशी लावली असतील... माझ्या लहानपणी मात्र माझे काटे आईच काढायची. तेव्हा ते घरी नसायचे.

मी दाराशी उभी होते. डोळे भरून आले, ते कुणासाठी ते कळेना. अजिंक्य ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून ओशाळं हसला.

“आता खा,” बाबा ताट त्याच्यापुढे सरकवत म्हणाले. “सावकाश खा. घाई नाही.”