गाळातून निघालेला ठोकळा

बंदराच्या धक्क्यावरून ती खाली वाकून बघत होती. तुटलेला दोर नुसताच लोंबत होता... पिंजरा गायब! तीन वर्षं खाऱ्या पाण्यात ठेवलेले तिचे काँक्रीटचे ठोकळे कालच्या वादळाने पिंजऱ्यासकट गिळले होते.

“काही हरवलं का?” आवाज पायाखालून आला. बोटींचे तळ खरवडणारा एक पाणबुड्या पाण्यातून डोकं काढून तिच्याकडे बघत होता.

“माझे ठोकळे! पोलादाच्या भट्टीत मळी उरते ना, ती घालून केलेले.”

“म्हणजे टाकाऊ मालासाठी रडताय?”

“रडत नाहीये मी!” ती नाक ओढत म्हणाली. “ते टिकले असं दाखवलं, तरच नवा धक्का त्या मिश्रणाचा होईल. नाहीतर पुन्हा तेच – आत सळया गंजणार, वर तडे जाणार.”

त्याचं हसू मावळलं. त्याने लगेच बुडी मारली.

त्या दिवशी काही हाती लागलं नाही. मग रोज काम आटोपलं की तो गाळ चाचपायचा आणि ती वर चहाचा थर्मास घेऊन बसायची.

“सापडला?”

“शिंपला सापडला. घ्या.”

“मला ठोकळा हवाय.”

“आजच्या दिवस शिंपल्यावर भागवा की!”

घरी जाताना तिला ठोकळे आठवायचे... आणि त्याच्या पापण्यांवरून निथळणारं पाणीसुद्धा.

आठवड्याने एक ठोकळा निघाला, कालवांनी मढलेला. तो घेऊन दोघं प्रयोगशाळेत गेले. तिने तो यंत्राखाली फोडला, वर औषध फवारलं. मीठ शिरलं असेल तिथवर पांढरं होणार होतं. नखाएवढी कड तेवढी पांढरी झाली! आतली सळई कोरी करकरीत.

ती त्याच्याकडे वळली. “तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार?” तो सळईवरून हलकेच बोट फिरवत राहिला. “जुन्या धक्क्याचा तुकडा माझ्या दादाच्या पायावर पडला होता. अजून लंगडतो तो. पुन्हा तसं होऊ नये म्हणून कुणीतरी इतकी वर्षं झटतंय... आभार तर मी मानायला हवेत.”

“मग झाली फिटंफाट!”

“नको ना...” तो अडखळला. “फिटंफाट झाली, तर उद्या कुठल्या निमित्ताने भेटू?”

ती यंत्राची काच पुसायला लागली. स्वच्छच होती ती.

“निमित्त कशाला हवं? नुसताच ये.”

‘तू’ कधी निसटलं ते तिलाही कळलं नाही. त्याला मात्र बरोबर कळलं होतं.